डोहातले पाच मासे

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणाचा पट्टा आहे. जमीन काळीभोर, कापूस चांगला येतो, पण खाली कितीही खणलं तरी लागतं ते खारं पाणी. भोनखेडी हे गाव त्याच पट्ट्यातलं. तिथल्या शाळेवर मी बावीस वर्षं गुरुजी होतो.

त्या गावात नवी विहीर खणली की पहिलं पाणी माणसानं प्यायचं नाही, अशी रीत होती. भोयानं पूर्णेच्या डोहातून पाच मासे धरायचे, कोऱ्या मडक्यातून आणून विहिरीत सोडायचे आणि वर जाळं पसरायचं. सहाव्या दिवशी पाचही मासे फिरताना दिसले, तर बायांनी हळदकुंकू वाहून पहिली घागर शेंदायची. एकही मासा उलटा तरंगला, तर ती विहीर गुरांची आणि धुण्याची. ह्याला ‘मासा दाखवणं’ म्हणत. मी असताना तीन विहिरींना मासा दाखवला गेला आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच सकाळी पाण्यावर पांढरी पोटं दिसली. पूर्ण गाव एकाच जुन्या विहिरीवर जगत होतं. तिला गोडी विहीर म्हणत. तिच्यात आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचे मासे होते.

बहात्तर साली पाऊस पडला नाही. संक्रांतीला गोड्या विहिरीचा तळ दिसू लागला. दुष्काळी कामावर नाल्याच्या अंगाला नवी विहीर खणली गेली आणि त्र्याहत्तरच्या माघात तिला पाणी लागलं. इंद्रभान भोयानं पाच मासे आणून सोडले.

त्याच आठवड्यात मी सातवीच्या मुलांना माशाचा धडा शिकवत होतो. विहिरीचं उदाहरण समोर असताना पुस्तक कोण उघडतो? मी घरून एक काकडी आणली, तिची फोड कापली, वर मीठ भुरभुरलं आणि मुलांना थांबायला सांगितलं. थोड्या वेळानं फोडीला पाणी सुटलं.

“पाणी कुठून आलं?” मी विचारलं.

“काकडीतून, गुरुजी.”

“कोणी काढलं?”

“मिठानं!”

“बरोबर. पाणी नेहमी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे ओढलं जातं. आता माशाचं बघा. त्याच्या रक्तात मीठ असतं. नदीच्या गोड्या पाण्यात नसल्यासारखंच. म्हणजे पाणी कुठे ओढलं जाईल?”

“माशाच्या आंगात.”

“हो. कल्ल्यांतून न विचारता आत शिरत राहतं. म्हणून नदीचा मासा पाणी पीत नाही. उलट आलेलं पाणी दिवसभर लघवीवाटे बाहेर टाकत बसतो, आणि त्या पाण्याबरोबर जे मीठ जातं ते कल्ल्यांनी नदीतून कणाकणानं परत वेचून घेतो. समुद्रातल्या माशाचं सगळं उलटं. बाहेर मीठ जास्त, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. त्याला पाणी प्यावंच लागतं. तो खारंच पितो, मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो आणि लघवी अगदी थेंबभर करतो.”

“मंग नदीचा मासा खाऱ्या पाण्यात टाकला तं?” मागून कोणीतरी विचारलं.

“त्याला ते मीठ बाहेर फेकता येत नाही. त्याची ह्या काकडीसारखी गत होते. चारी बाजूंना पाणी असून तो तहानेनं मरतो.”

वर्ग हसला. मासा तहानेनं मरतो, ही गंमतच होती. एक पोरगी मात्र हसली नाही. रुख्मिणी तिचं नाव. बारा वर्षांची असेल. तिला प्रश्न पडला की ती ओठ दुमडून बसायची, आणि मी तिच्याकडे बघून थांबायचो. त्या दिवशीही थांबलो.

“गुरुजी, एकदम नाई टाकलं, अन् रोज चिमूट चिमूट मीठ वाढवलं तं?”

मला फार आनंद झाला. “शाब्बास! तसं केलं तर काही मासे सरावतात. पाणी प्यायला लागतात, कल्ल्यांची सवय बदलते. सगळे नाही, पण चिवट असतील ते सरावतात.” मी तिच्या पाटीवर खडूनं चांदणी काढून दिली, आणि मुलांना सांगितलं, “म्हणून आपल्या वाडवडिलांची रीत शास्त्राला धरून आहे. नदीचा मासा जगला, तर पाणी गोड.”

मुलांनी हे घरी सांगितलं. सहाव्या दिवशी सगळा गाव विहिरीवर होता. जाळं बाजूला केलं. खाली हिरवट पाण्यात पाचही मासे हळूहळू फिरत होते. सरपंच हिंमतराव मोठे शेतकरी, बोलणं खणखणीत. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गुरुजीनं आधीच पास केली व्हती विहीर! काढा वं बायाहो पाणी.”

पहिली घागर निघाली. मी ओंजळभर प्यालो. मला ते पाणी आमच्या नेहमीच्या पाण्यासारखंच लागलं.

*

पंधरा दिवसांनी माझी मुलगी आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला देऊळघाटला दिली होती, बुलढाण्याजवळ. सातवा महिना सरत आला होता. पाय धुऊन तिनं तांब्या तोंडाला लावला, आणि तो घोट तसाच गालात धरून ती अंगणात गेली व थुंकली.

“बाबा, हे पाणी खारं हाये.”

शेजारच्या अन्नपूर्णाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्या खदखदून हसल्या. “अवं माय! पा बाप्पा, दीड वर्षात माहेरचं पाणी खारं झालं! नवऱ्याच्या गावचं तं अमृत असन?”

“तसं नाई वं काकू. खरंच खारं हाये.”

“आमी काय मेलो काय पिऊन? मासे फिरून राह्यले तिच्यात. तुह्या बापानंच सांगतलं गावाले.”

आशानं माझ्याकडे बघितलं. मी हसून म्हणालो, “डोंगराकडच्या गोड्या पाण्याची सवय झाली तुला. दोन दिवसांत उतरेल घोट.” भोनखेडीला आलो त्या पहिल्या वर्षी मलाही घोट उतरत नव्हता. हे मी तिला सांगितलं, तेही हसतच.

माझी बायको कौशल्या हिनं पाण्यात गूळ घालून दिला. मग ताकातून दिलं. आशा प्यायला लागली. आणि एकदा प्यायला लागली तशी थांबेना. आठवड्याभरात तिच्या उशाशी भरलेला तांब्या तासाभरात रिकामा व्हायला लागला.

“आई, अजून पाणी दे.”

“आताच तं देल्लं बाई.”

“घसा सुकते.”

कौशल्या कौतुकानं म्हणायची, “दोन जीवाची हाये. पेईनच तं.”

मग तिचे पाय भरले. आधी घोटे, मग पोटऱ्या. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. एके दिवशी पायातली जोडवी रुतायला लागली. सोनाराकडून ती कातरून काढावी लागली. बांगड्या साबण लावून उतरवल्या.

“पहिलटकरणीचे पाय सुजतात,” कौशल्या म्हणाली. “माहे नव्हते सुजले? तुमाले आठवत नाई.”

मला आठवत होतं. तिचेही सुजले होते, ह्याच गावात. तरी माझं मन शांत होईना. सकाळी शाळेत जाताना मी वाटेतल्या माणसांचे चेहरे बघायला लागलो. पन्नाशी ओलांडलेली माणसं पारावर बसलेली असत, डोळ्यांखाली फुगलेली, पाय जड झालेली. एकोणीस वर्षं मी ते रोज बघत होतो आणि शेतातल्या दगदगीनं तसं होतं असं समजत होतो.

*

चैत्रात एका रविवारी मी पूर्णेवर गेलो. धार केव्हाच आटली होती. वाळूत एक डोह तेवढा उरला होता, अंगणाएवढा. इंद्रभान काठावर बसून जाळ्याच्या गाठी सोडवत होता. डोहाच्या कडेनं पांढरी रेघ होती, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. पाणी जसजसं मागे सरकलं तशी एकेक रेघ सोडून गेलं होतं. मी खाली बसून बोटानं ती पांढरी खपली उचलली आणि जिभेवर ठेवली. मीठ होतं. मग डोहाचं पाणी चाखलं. त्याची चव मला रोजच्या पाण्यासारखी लागली.

“इंद्रभान, हे पाणी असं कधीपासून आहे?”

“दिवाळीपासून आटून राह्यलं नं गुरुजी. नदीले वरून पाणी येत नाई, खालून झरे येतात तेवढेच. थे खारे.”

“आणि मासे?”

“दिवाळीले शेकड्यानं व्हते. पौषात रोज सकाळी पांढरे पोटं वर. कवळे तं सारे गेले. हे उरले थे लोखंडाचे हायेत.” तो हसला. “लोखंडाचेच म्हना! विहिरीतले पाच पाहा नं, कसे ठणठणीत हायेत.”

“ते पाच ह्याच डोहातले?”

“मंग कुठचे? रीतच तशी हाये. डोहातलेच मासे लागतात.”

मला रुख्मिणीचा प्रश्न आठवला. एकदम नाई टाकलं, अन् रोज चिमूट चिमूट मीठ वाढवलं तं? नदीनं नेमकं तेच केलं होतं. तीन महिने रोज चिमूटभर. जे सरावले नाहीत ते मेले, जे सरावले ते आम्ही नव्या विहिरीत सोडले. मुलीच्या पाटीवर चांदणी काढली तेव्हा उत्तर मीच दिलं होतं, आणि पुढच्याच श्वासात ते विसरलो होतो.

दुसरी गोष्ट वाटेनं चालताना लक्षात आली, आणि मी धावायला लागलो. त्या वर्षी गावात गोड्या पाण्यातून सरळ खाऱ्यात आलेलं फक्त एकच माणूस होतं.

*

घरी आलो तेव्हा आशा भिंतीला टेकून बसली होती. पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते.

“डोकं ठणकते, बाबा,” ती म्हणाली. “अन् डोयापुढं काजवे चमकतात.”

मी कौशल्याला म्हणालो, “हिला आत्ताच्या आत्ता खामगावला न्यायचं.”

“आठव्या महिन्यात?” कौशल्याचा हात जिथल्या तिथे थांबला. “वाटेत पूर्णा हाये. आठव्यात पोटुशीनं नदी ओलांडू नये, तुमाले माहीत नाई काय?”

“नदीत पाणी कुठे आहे?”

“पाणी नसलं म्हनून नदी नाई व्हय काय थे?”

मी विहिरीचं सांगितलं. डोहाचं सांगितलं. काकडीचंही सांगितलं असेन. ती ऐकून घेत राहिली, पण तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे न समजलेल्या पोराच्या चेहऱ्यावर असतं, आणि मी जेवढं जास्त बोललो तेवढं ते वाढत गेलं. शेवटी ती म्हणाली, “मासे जिवंत हायेत नं? तुमीच सांगतलं सगळ्यायले.”

हिंमतरावांकडे गेलो. ते चांगल्या मनाचे होते. “गाडी केव्हाही न्या गुरुजी, बैल तयार हायेत,” म्हणाले. “पण विहीर बंद करा म्हनता थे कसं? दोनशे घरं पेऊन राह्यले. मासे दाखवले, तुमी शास्त्र सांगतलं. आता तुमीच फिरता?”

“माझं चुकलं, हिंमतराव.”

“तुमचं चुकलं असन. पण माशाचं तं नाई चुकत?”

मी त्या वेळी काय करायला हवं होतं ते मला आज ठाऊक आहे. कौशल्याचा हात बाजूला सारून आशाला उचलून गाडीत घालायला हवं होतं. पण आयुष्यभर मी मुलांना शिकवत आलो, आणि माझी खात्री होती की डोळ्यांनी दाखवलं की माणसाला पटतं. मी दाखवायचं ठरवलं.

सोमवारी पहाटे इंद्रभान माझी सायकल घेऊन सातपुड्याच्या पायथ्याकडे गेला. तिकडे डोंगरातून येणारा एक ओढा अजून वाहत होता. सांज पडता पडता तो दोन मोठे डबे घेऊन परत आला. एका डब्यात ओढ्याच्या पाण्यात दहा मासे होते, बोटाएवढे, चांदीसारखे. दुसऱ्या डब्यात नुसतं ओढ्याचं पाणी. तो सगळा दिवस मी आशाला नव्या विहिरीचा थेंब दिला नाही. हिंमतरावांकडे गोड्या विहिरीच्या तळातलं गाळलेलं पाणी थोडं होतं, ते आणलं. पण तिची तहान काही भागेना.

मंगळवारी सकाळी अंगणात लिंबाच्या सावलीत मी दोन पराती मांडल्या. एकीत ओढ्याचं पाणी, एकीत नव्या विहिरीचं. दोन्हीत पाच पाच मासे सोडले. शाळा भरायची वेळ झाली होती. रुख्मिणी आणि आणखी चार पोरं दप्तरं घेऊन अंगणातच आली व परातींभोवती बसली. अन्नपूर्णाबाई ओट्यावरूनच बघत होत्या. कौशल्या आमच्याकडे पाठ करून भांडी घासत होती.

“मासोळीचं काय दाखवता मले,” ती राखेचा बोळा घासत म्हणाली. “लेकरू पोटात हाये, परातीत नाई.”

पहिल्या परातीतले मासे इकडून तिकडे फिरत राहिले. दुसऱ्या परातीतले आधी खूप उड्या मारू लागले. एक परातीबाहेर पडला, तो रुख्मिणीनं ओंजळीनं परत टाकला. मग ते शांत झाले. पोरांना वाटलं, सरावले. पण त्यांच्या अंगावरची चमक जात होती. त्यांच्याभोवती पाणी बुळबुळीत झालं. ते एका बाजूला कलून पोहायला लागले, मग तळाला टेकले, आणि तोंड उघडायचे, मिटायचे, उघडायचे.

भांडी घासण्याचा आवाज केव्हातरी थांबला होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पहिला मासा उलटला. पोट पांढरं, थोडं आत खचलेलं. लगेच दुसरा.

दाराशी आवाज झाला. आशा चौकट धरून उभी होती. तिनं किती वेळ बघितलं होतं कोण जाणे.

“बाबा, थो मासा तोंड काऊन उघडते? त्याले तहान लागली काय?”

“हो, बेटा.”

“पाण्यात असून?”

“हो.”

तिनं जरा विचार केला. “मले तशीच लागते,” ती म्हणाली. “प्याले की अजून लागते.”

कौशल्या उठली. हात तसेच राखेनं भरलेले. ती परातीपाशी आली, वाकली, आणि तिसरा मासा कलत होता तो बघत राहिली. मग पदरानं हात न पुसताच तिनं लेकीला धरलं.

“गाडी सांगा,” ती मला म्हणाली. “उभे काय राह्यले? गाडी सांगा!”

*

हिंमतरावांनी स्वतः बैल जुंपले. गाडीत गवत, त्यावर गोधडी. मी ओढ्याच्या पाण्याचा डबा सोबत घेतला. नांदुऱ्यापर्यंत बैलगाडी, तिथून मोटारीनं खामगाव, असा बेत होता.

पूर्णेचं पात्र भर दुपारी पांढरं दिसत होतं. गाडी उतारावरून खाली आली आणि चाकांखाली खाऱ्या मातीची खपली पापडासारखी मोडायला लागली. कौशल्यानं डोळे मिटून हात जोडले होते. ती नदीला काहीतरी पुटपुटत होती.

मध्यावर आशानं पाणी मागितलं. मी डब्याचं झाकण उघडून तिला पेला दिला. तिनं एक घोट घेतला, थांबली, आणि सुजलेल्या चेहऱ्यानं हसली.

“हे गोड हाये,” ती म्हणाली.

मग पेला तिच्या हातून पडला. बोटं वळली, मान मागे ताठ गेली, डोळे पांढरे झाले, आणि सगळं अंग आचके द्यायला लागलं. कौशल्या ओरडली, “तोंडात कपडा घाला, दातखीळ बसली!” हिंमतरावांनी बैल उभे केले. मी तिला कुशीवर वळवून धरलं. तो झटका किती वेळ चालला, सांगता येत नाही. थांबला तेव्हा ती श्वास घेत होती, पण हाकेला ओ देत नव्हती. हिंमतराव बैलांच्या अंगावर ओरडले. तसे ते त्यांच्या आवडत्या जोडीवर कधी ओरडत नसत.

खामगावच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आशा वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं आईला ओळखलं. बाळ मात्र रडलंच नाही. मुलगी होती.

डॉक्टर वयानं माझ्याहून लहान होते. पोचलो त्याच रात्री मी त्यांना विहीर, डोह, मासे, सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “गुरुजी, गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा हा आजार गोडं पाणी पिणाऱ्यांनाही होतो. पाण्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पाण्यानं वाढला नसेल, असंही म्हणणार नाही.” मग त्यांनी विचारलं, “डोकं दुखायला कधी लागलं होतं?”

“रविवारी.”

“आज मंगळवार,” ते म्हणाले.

सोमवारचा पूर्ण दिवस इंद्रभान सायकलवर होता. मंगळवारी सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही परातींभोवती बसलो होतो.

*

आम्ही गावात नव्हतो, तेव्हा रुख्मिणीनं पराती उचलू दिल्या नव्हत्या. जो येईल त्याला ती दोन्ही दाखवत होती. हिंमतरावांनी परत येताच नव्या विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. दोन महिने गाव टँकरच्या पाण्यावर राहिलं. खाली ते पाच मासे मात्र तसेच होते. फांद्यांमधून वाकून बघितलं की दिसायचे.

पाऊस पडला. गोड्या विहिरीला पुन्हा पाणी आलं, तळच्या डबक्यात तगलेले मासे वर आले, बायांनी पुन्हा घागरी लावल्या, आणि नव्या विहिरीची गोष्ट मागे पडली.

आशा त्यानंतर माहेरी आली ती दोन वर्षांनी. एसटीतून उतरली तेव्हा तिच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात झाकणाचा मोठा डबा. मी घ्यायला पुढे झालो.

“राहू द्या बाबा, जड हाये,” ती म्हणाली. “पाणी हाये. देऊळघाटचं.”

“आता गोड्या विहिरीला भरपूर पाणी आहे, बेटा.”

“असू द्या.”

अन्नपूर्णाबाई ओट्यावर होत्या. त्यांनी डब्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या उठून आत गेल्या. दुपारी आमच्या दाराशी आल्या, तेव्हा त्यांच्या हातात रिकामा पेला होता.

“आशे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “एक पेलाभर दे वं त्यातलं. माही नवी सून हाये नं, डोंगराकडची. चौथा लागला तिले. आल्यापासून म्हनून राह्यली, गोड्या विहिरीचं पाणी खारं लागते.”

आशानं डबा उघडला आणि पेला काठोकाठ भरला.

मी चपला घातल्या व गोड्या विहिरीवर गेलो. कठड्यावरून वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. खाली आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचे मासे होते, एकामागून एक, अगदी नेहमीसारखे फिरत.